इटलीचे आकडे आणि समोरचं दार

मंडळी, ऐका. आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे. साथ आली, तर माणसानं घाबरावं की घाबरू नये? घाईनं माना हलवू नका, आधी गोष्ट ऐका.

आमच्या आळीत रघुवीरनाना वाळिंबे राहतात. एसटीतून निवृत्त झालेले. कोरोना आला आणि नानांनी टीव्हीसमोर ठाणच मांडलं! भेंडी साबणानं धुवायची, दिवसातून दहादा ताप बघायचा... हसताय? तुमच्या घरची भेंडी काय कोरडी राहिली होती?

इटलीत किती गेले, ब्राझीलमध्ये किती — नानांना सगळं तोंडपाठ. रोज आकडा वाढायचा, तसे नाना दुसरं चॅनेल लावून बघायचे. जेवण जाईना.

एका सकाळी सुमतीकाकू म्हणाल्या, "अहो, समोरच्या आवडाक्कांच्या दारात दोन दिवस रांगोळी नाही."

"लोक मरताहेत आणि तुला रांगोळी सुचते?"

"म्हणूनच सुचली," काकू म्हणाल्या.

आवडाक्का सत्तरीच्या, एकट्या. मुलगा सुरतेला अडकलेला. नानांनी फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. तेव्हा कुठे आवाज आला, "नाना... दम लागतो हो."

खोटं कशाला सांगू? त्यांना वाटलं, फोन ठेवावा आणि दार लावून घ्यावं. तरी ते उठले. दोन मास्क चढवले, प्राणवायू मोजायचं यंत्र घेतलं आणि आक्कांच्या उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले. यंत्र आत सरकवलं.

"आक्का, बोटाला लावा. काय दिसतंय?"

"ब्याऐंशी. चांगलं आहे ना?"

"आहे आहे," नाना म्हणाले, पण नव्वदीखाली धोका हे त्यांना पाठ होतं; चार पावलं मागं सरून त्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. एक नाही, सात फोन! ज्या आवाजानं पूर्वी एसटीचा डेपो हलायचा, तो आवाज त्यांना त्या दिवशी परत सापडला. तासाभरात आक्का दवाखान्यात पोचल्या. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असता, तर हाती काही उरलं नसतं.

बारा दिवस नाना सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात फोन करून सुरतेला खबर देत होते. आक्कांच्या तुळशीला पाणी घालत होते. टीव्ही बंदच. काकूंनी विचारलं, "आज इटलीत किती?" नाना म्हणाले, "कोण जाणे. आक्का आज पेज प्यायल्या."

तेराव्या दिवशी आक्का घरी आल्या. नाना लांबूनच म्हणाले, "या." आणि हिरव्या तुळशीकडे बोट दाखवलं.

मंडळी, नाना निर्भय झाले का? छे! दोन मास्क शेवटपर्यंत सुटले नाहीत, लशीच्या रांगेतही पहिले तेच. भीती होतीच. पण भीतीनं आधी त्यांना खुर्चीत बसवलं होतं, आता तीच हात धुऊन कामाला लावत होती. एवढाच फरक!

आता तुमचं सांगा. साऱ्या जगाची काळजी मोबाईलवर वाहता. शेजारी कोण बसलंय, पाहिलंत? वळा जरा. विचारा, "बरं आहे ना?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. देवाचं नाव त्यानंतर घेऊ, तो थांबेल.