दालनातली खुर्ची

मेइ-चू: दाराशी आणखी पोती कशाला रचतोस? पाणी मोरीतून येतंय. आईंच्या खोलीत येऊन बघ.

आ-फा: चिंध्या कोंब. वर वीट ठेव.

मेइ-चू: ठेवली. वीट हलतेय. भरती दुपारपर्यंत चढणार आहे, आ-फा. आईंचा पलंग मधल्या दालनात घेऊ, पूर्वजांच्या देव्हाऱ्यापाशी.

आ-फा: नाही.

मेइ-चू: घरात तेवढीच जमीन उंच उरलीय.

आ-फा: नाही म्हटलं ना! दालनात पलंग कधी टाकतात, ठाऊक नाही तुला? माणूस जायला टेकला की. बाबांना टाकलं, परत उठले नाहीत. त्यात आज सातव्या महिन्याची पौर्णिमा. भुतं मोकळी सुटलीत, गल्लीत दारोदार त्यांची ताटं वाढलीत, आणि आईला त्यांच्यासमोर मांडून ठेवू?

मेइ-चू: भुतांचं मला कळत नाही. पौर्णिमेला समुद्र किती चढतो ते कळतं.

आ-फा: शाळेत नेऊ. तिथं माडी आहे.

मेइ-चू: सकाळी मी तेच म्हणत होते. तेव्हा तुझा बंधाऱ्यावर फार विश्वास! आता रस्त्यात कंबरभर पाणी आहे. मांडीचं हाड मोडलेल्या बाईला पाठीवर घेऊन पोहणार?

आ-फा: आईच्या खोलीत भराव घालायला हवा होता.

मेइ-चू: दर वेळी दालनातच घातलास. पूर्वजांचे पाय भिजू नयेत म्हणून.

आ-फा: टोमणे नकोत. जमीन खचली ती आपल्याच शिंपले पाळायच्या तळ्यांपायी, बोअरचं पाणी उपसून उपसून. माहीत आहे मला.

आई: (आतून) अरे, भांडण आवरा. माझ्या चपला तरंगायला लागल्यात.

आ-फा: आई, घाबरू नकोस.

आई: घाबरलायस तू. तुझ्या बापाला दालनात कसं ठेवलं होतं?

आ-फा: कशाला आता ते...

आई: आडवं. मला खुर्चीत बसवा. दालनात पाहुणेही बसतात की.

मेइ-चू: पण आई, आधाराशिवाय बसायचं नाही, डॉक्टर म्हणालेत.

आई: मग द्या आधार. एवढा रेड्यासारखा मुलगा वाढवला तो कशाला?

आ-फा: मी खुर्चीत मागं बसतो, तू माझ्या छातीला टेक. मेइ-चू, पाय धर. हळू... हळू! लागलं का?

आई: लागलं. चला पुढं. आणि सूनबाई, ती उदबत्ती विझव. माझ्या नावाची वाटायला नको.

मेइ-चू: विझवली. आई, पाणी उंबऱ्याला आलं.

आई: येऊ दे. पूर्वजांपुढचं एक सफरचंद घे, फोडी कर. माझ्यापुढं ठेवू नकोस हं, हातात दे. भुतांना खाताना दिसले पाहिजे मी.

मेइ-चू: घ्या.

आ-फा: उंबरा बुडाला का गं?

मेइ-चू: बुडतोय.

आ-फा: आई? फोड का खाली पडली? आई!

आई: ओरडू नकोस, जागी आहे. तुझं काळीज माझ्या पाठीत धडका मारतंय. झोप लागेल कशी?