नांदुऱ्यापर्यंत

शेषराव : ट्रॅव्हल्स पलटी, चार ठार. बकऱ्या नेणारा पिकअप झाडाले धडकला, ड्रायव्हर. ट्रॅक्टरवरून पडून, एक बाई. नवी मोटरसायकल, पेढे वाटायले निघाले होते, दोघं भाऊ.

जयमाला : बाबा, ठेवा तो डबा.

शेषराव : दहा वर्साची कात्रणं हायेत, जया. रेल्वेचं एक दाखव याच्यात. एक!

जयमाला : नाही सापडणार.

शेषराव : मंग? पुण्यात नोकरी लागली, जाय. पण ट्रॅव्हल्सचं नाव काढू नोको. रेल्वेनं जाय.

जयमाला : ट्रॅव्हल्स इथं बुलढाण्यातून सुटते, घरापासून दहा मिनिटांवर. रेल्वेसाठी घाट उतरून नांदुऱ्याले जा.

शेषराव : जायचं मंग.

जयमाला : शिवमलेही हेच म्हटलं होतं तुम्ही.

शेषराव : जया...

जयमाला : बोलू द्या. दीड वर्ष झालं, या घरात कोणी बोललं नाही. माहा भाऊ रेल्वेत नाही मेला, खरं हाय. रेल्वे पकडायले जातांना मेला, मोटरसायकलवर. कुठाय त्याचं कात्रण?

शेषराव : नाही कापलं म्या.

जयमाला : काऊन?

शेषराव : मोटरसायकलच्या गठ्ठ्यात ठेवू का रेल्वेचा नवा गठ्ठा करू, समजलं नाही.

(जयमाला शेषरावजवळ येऊन बसते.)

शेषराव : यष्टीनं जातो म्हणे तो. मीच म्हटलं, यष्टी थांबत थांबत जाते, गाडी चुकंल. जानरावची मोटरसायकल मीच मागून आणली. दारातून वरडलो, दाबून हाण बे! दहा वर्सं गावाले हळू चालवा सांगत आलो, आन पोराले...

जयमाला : बरं. रेल्वेनंच जाते. यष्टीनं नांदुऱ्याले, चार घंटे आधी. झालं?

शेषराव : मी येतो संगं. फलाटावर बसू.

जयमाला : या. डबा आणू नोका फक्त.

शेषराव : भाकरीचा आणतो.

जयमाला : चालते. तिकीट काढून राह्यली मी, मोबाईल नंबर मागते. तुमचा टाकू?

शेषराव : नोको. तुहा टाक.

जयमाला : शिवमच्या तिकिटावर तं तुमचाच होता.

शेषराव : हाव.

जयमाला : मंग आता काय झालं?

(शेषराव डब्याचं झाकण लावतो.)

शेषराव : पाच वाजून दहा मिनिटाले मेसेज आला होता, गाडी दोन घंटे लेट. म्या पाह्यलाच नाही. शिवम साडेपाचले निघाला.