कंट्रोल, फील्ड आणि साखरेची बरणी

...नाही, म्हणजे लोकांना बोलायला काय जातं हो? 'अरे वा, नवरा-बायको एकाच कारखान्यात! एका गाडीवरून जायचं, एका गाडीवरून यायचं, मज्जा आहे बुवा तुमची!' मज्जा? एकदा बायकोशी अबोला धरा, आणि मग त्याच बायकोच्या हुकमावरून व्हॉल्व्हची उघडझाप करा, तीही अख्खा कारखाना कान टवकारून ऐकत असताना... आणि मग या मला मज्जा सांगायला! आता तुम्ही विषय काढलात म्हणून बोलतोय, बरं का. एरवी आपण काही बोलका माणूस नाही.

तर मी फिटर. कारखान्यात जिथे म्हणून वाफ जाते, पाणी जातं, तिथे मध्ये कुठेतरी व्हॉल्व्ह असतो, आणि व्हॉल्व्ह असतो तिथे मी असतो. आणि आमची ही कंट्रोल रूममध्ये. गार हवा, फिरती खुर्ची, समोर हे एवढे पडदे, आणि पडद्यावर सगळ्या कारखान्याच्या आतड्यांचा नकाशा! पूर्वी कसं, चाक हाताने फिरवायचं, दंड भरून यायचे, पण व्हॉल्व्ह आपल्या ताब्यात असायचा. आता प्रत्येक व्हॉल्व्हच्या डोक्यावर मोटर. ती तिकडे बटण दाबणार, इकडे घुर्रर्र करून व्हॉल्व्ह उघडणार. म्हणजे घरात जी पद्धत होती तीच आता कारखान्यात आली, एवढंच!

हं, तर अबोला. अहो, कारण काय म्हणाल तर कारणच नाही! संध्याकाळी मी आपला घरी बसून चहा पितोय, आणि ही समोर येऊन बसली. चेहरा कसा, उजळलेला, आणि जरा घाबरलेलाही. म्हणाली, "अहो, नव्या प्लँटची कंट्रोल रूम उभी करायला मला बोलावलंय. मुख्य म्हणून. दोन वर्षं तिकडेच राहावं लागेल." नवा प्लँट म्हणजे रात्रभराचा प्रवास, हं! शेजारच्या गल्लीत नाही! मुलगा आधीच शिकायला बाहेर. माझी नोकरी इथे. आणि ही विचारते, "काय करू?"

आता मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तुला वाटेल तसं कर."

बस्स! एवढंच! यात वाईट काय आहे सांगा मला. कुठला नवरा म्हणतो हो असं? मला वाटलं, आता ही म्हणणार, किती मोठ्या मनाचे तुम्ही! तर कसलं काय, चेहरा पडला. "म्हणजे तुम्हाला काहीच वाटत नाही?" मी म्हटलं, "वाटायचंय काय त्यात?"

झालं. उठली, माझ्या हातातला कप काढून घेतला, अर्धा चहा होता हो त्यात, आणि त्या दिवसापासून घरात चिडीचूप. आणि मला वाटत होतं की नाही? अहो, वाटत होतं तर काय! पण ते बोलायचं कसं? जा म्हणावं तर 'घालवायलाच बसलेत' म्हणेल, जाऊ नको म्हणावं तर इतक्या वर्षांच्या तिच्या मेहनतीवर पाणी. साधी ऑपरेटर म्हणून लागली होती ती. मधल्या मधे माझी जीभच उचलेना. आपण काही बोलका माणूस नाही ना!

आणि आता बरण्यांचं ऐका. मला एक खोड आहे, रागात असलो की हात आवळतो. नळ बंद केला तर असा, की दुसऱ्याला उघडता येऊ नये. त्या अबोल्यात मी माझा माझा चहा करायचो, साखरेच्या बरणीचं झाकण लावायचो, आणि ते असं काही बसायचं की विचारू नका! मग ही यायची. झाकण फिरवून बघायची. फडक्याने धरून बघायची. ओट्यावर ठक-ठक आपटायची. गरम पाण्याखाली धरायची. मी दारात उभा. एकदा म्हण की बाई, 'अहो, जरा उघडून द्या!' एवढं म्हटली असती तर मी बरणीबरोबर तोंडही उघडलं असतं. पण नाही! ही बिनसाखरेचा चहा पिणार, तोंड वाकडं करणार, पण मला म्हणणार नाही.

अशात तो दिवस उजाडला. वाफेच्या मोठ्या लाइनवर नवा मोटरचा व्हॉल्व्ह बसवायचा होता. आणि बॉयलरवरचा आमचा भोंगा, भोंगा म्हणजे माणूस हं, आवाजामुळे नाव पडलंय, तो सकाळीच माझ्या कानात ओरडला. कानात, आणि ओरडला! "दादा! वहिनी आज सुट्टी व्हायच्या आत साहेबांना हो की नाही सांगणार आहेत! माहीत आहे ना?" मी म्हटलं, "आहे ना, न माहीत असायला काय झालं!" कुठलं माहीत? मला कोण सांगणार? बरणी?

चढलो वर. लाइन थंड, वाफ पलीकडून बंद, कुलूप लावून चावी माझ्या खिशात. व्हॉल्व्ह चढवला, अंगावरचा बाण प्रवाहाच्या दिशेने आहे ना ते बघितलं, समोरासमोरचे बोल्ट जोडीजोडीने आवळले. सगळं शिस्तीत. मग राहिला ग्लँड. व्हॉल्व्हचा जो दांडा वर-खाली होतो ना, त्याच्याभोवतीने वाफ गळू नये म्हणून पॅकिंग ठासतात, आणि वरून ग्लँड बसवून दोन नटांनी दाबतात. तो दाबायचा बेताने. गळती थांबेल इतपत, आणि दांडा मोकळा हलेल इतपत. हे मी झोपेत सांगेन! पण त्या दिवशी हातात पाना आणि डोक्यात एकच... ही हो सांगणार, की नाही सांगणार, आणि मला न विचारता सांगणार. हात आपला चाललाय. आवळतोय. आवळतोय...

मग चाचणी. चाचणी म्हणजे कसं, कंट्रोलमधून व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडत न्यायचा, आणि फील्डवरच्या माणसाने काटा बघून सांगायचं, खरंच तेवढा उघडला का. सगळं वॉकीटॉकीवर. आणि आमच्याकडे नियम! पूर्वी एकदा कोणीतरी अर्धवट ऐकून भलताच व्हॉल्व्ह उघडला होता, तेव्हापासून आमच्या सेफ्टीच्या नियमकाकांनी नियम घातला, समोरचा जे बोलेल ते जसंच्या तसं परत बोलायचं. स्वतःची अक्कल त्यात घालायची नाही. आणि नियमकाका स्वतः रेडिओला कान लावून बसलेले असतात.

तर रेडिओ खरखरला, आणि इतक्या दिवसांनी तो आवाज माझ्याशी बोलला.

"कंट्रोल टू फील्ड. पंचवीस टक्के."

"ऐकलं. पंचवीस टक्के." घुर्रर्र. "काटा पंचवीसवर."

"ऐकलं. काटा पंचवीसवर."

तुम्हाला सांगतो, हसाल तुम्ही, पण मला इतकं बरं वाटलं! घरात 'मीठ दे'सुद्धा नाही, आणि इथे माझं वाक्य ती परत म्हणतेय! वाटलं, शंभर टक्क्यांपर्यंत कशाला, हा व्हॉल्व्ह हजारापर्यंत उघडायला हवा होता.

पण कसलं हजार! पन्नासला गेला आणि अडकला. मोटर कण्हायला लागली, कुंथली, आणि बंद. मग तिचा आवाज.

"कंट्रोल टू फील्ड. मोटर जास्त करंट घेतेय. ग्लँड तपासा. रागात आवळलाय."

अहो! आता नियम! काय करू? दाबलं बटण. "ऐकलं. मोटर जास्त करंट घेतेय. ग्लँड तपासा. रागात आवळलाय."

कुठून तरी भोंगा हसला. त्याला रेडिओ लागतच नाही, तसाच ऐकू आला. पण मला मात्र, खरं सांगतो, गलबलून आलं. इतक्या लांब काचेआड बसून, नुसता पडद्यावरचा आकडा बघून तिने माझा हात ओळखला. तिला माहीत होतं, बरण्या कोणी आवळल्या, कशाने आवळल्या. सगळं माहीत होतं. मीच वेडा, वाटत होतं की आपण काही बोललोच नाही.

नट ढिले केले, परत बेताने लावले. मग काय, पन्नास, पंचाहत्तर, शंभर, व्हॉल्व्ह लोण्यासारखा! तसाच परत खाली, शून्यापर्यंत. आणि शेवटी कंट्रोलने विचारायचं असतं, तोही नियमच, "फील्ड, आणखी काही सांगायचंय?"

यावर फील्डने म्हणायचं, 'काही नाही.' आयुष्यभर मी तेच म्हणत आलोय. त्या दिवशीही तेच म्हणायला बटण दाबलं. दाबलं, आणि अंगठा उचलेचना. खाली सुट्टीची चुळबुळ सुरू झालेली. आता नाही तर कधीच नाही. आणि तोंडातून निघून गेलं...

"तू जा. तू जायलाच हवंस. पण तू गेल्यावर मला घर खायला उठेल."

गेलं हो! चॅनेलवर! गेटवरचा वॉचमन, क्रेनवाला, कॅन्टीनवाला, सगळ्यांच्या कानात! अंगठा सोडला. पलीकडून काहीच नाही. नुसती खरखर. मला वाटलं, आता या प्लॅटफॉर्मवरून उडी मारावी की काय! आणि तेवढ्यात नियमकाका कडाडले, "कंट्रोल! निरोप परत बोला! नियम आहे!"

देव त्या माणसाचं भलं करो.

मग ती बोलली. एकेक शब्द. "ऐकलं. तू जा. तू... जायलाच हवंस. पण तू गेल्यावर मला... घर खायला उठेल." आवाज पार ओला झालेला. मग म्हणाली, "बरोबर?"

मी म्हटलं, "बरोबर."

"अहो, मग हे घरी बोलायला काय झालं होतं?"

आणि मी, नियमाला जागणारा माणूस... "ऐकलं. अहो, मग हे घरी बोलायला काय झालं होतं?"

अख्खा कारखाना हसला. तीही हसली. नाक ओढत, पण हसली. आणि तशीच उठून साहेबांकडे गेली आणि हो म्हणून आली.

गेली मग. स्टेशनवर मी काय बोललो? पाण्याची बाटली घेतलीस का, म्हटलं. तिने खिडकीतून हळूच सांगितलं, "ऐकलं. पाण्याची बाटली घेतलीस का." आणि गाडी हलली.

घरी आलो, म्हटलं चहा करावा. साखरेची बरणी घेतली, झाकण फिरवलं... हलेना! पुन्हा फिरवलं. छे! निघायच्या आधी ओटा आवरून बरण्या तिनेच लावल्या होत्या. आता तिला कसला राग, सगळं तर मिटलं होतं. मग लक्षात आलं, हात काही नुसता रागातच आवळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, फिटर ना तू? दोन माणसांना न हलणारे बोल्ट सोडवतोस, आणि बरणी उघडेना? अहो, उघडेल की! एक हिसका दिला तर उघडेल. पण तिने लावलेलं आहे ते झाकण. राहू दे तसंच, ती येईल तेव्हा उघडेल. तोपर्यंत आपला बिनसाखरेचा चहा. सवय लागली आता, कारखान्यातही तसाच मागतो. परवा कॅन्टीनवाला हळूच विचारत होता, "दादा, शुगर झाली का हो?" म्हटलं, हो बाबा, झाली. आता त्याला काय काय सांगत बसणार? आपण काही बोलका माणूस नाही.