अंजूच्या हातचं घड्याळ

नाही सर, असं पोरीचं नाव कापून जाता येत नाही. गाडीची चाबी खिशात टाका अन् बसा त्या बाजेवर. माह्यं आयकून घ्या, मंग खुशाल यवतमाळचा रस्ता धरा. तं एक होता तांडा — हाच, महागावच्या वरच्या अंगाचा — अन् तांड्यात राहे एक धुरपता, म्हंजे मी म्हातारी, अन् धुरपताची सून बबिता, जे आता चुलीपाशी धुराच्या नावानं रडून राह्यली, अन् बबिताची लेक अंजू, जे आत भिंतीकडं तोंड करून पडली. अन् मंग एक दिवस आले तुमी, सायकलीचे क्षितिज सर. खोटं हाये का? पुसदच्या शर्यतीत तुमीच म्हणलं — चढावर ही पोरगी पायडलवर उभी राह्यते, हिच्या पायात जीव हाये. तुमीच सायकल देली, तुमीच ते काळं घड्याळ तिच्या मनगटाले बांधलं. काढायचं नाही म्हणलं, झोपेतही नाही. काढलं तं माह्या फोनात दिसते. पोरीनं तुमचा शबद देवावानी धरला.

मंग फोनात ते लाल यायले लागलं. ॲप म्हणे — थकवा हाये, आराम करा. केला आराम! महागावपर्यंत जाणारी पोरगी नाल्यावरून परत येऊ लागली — तरी लाल. मंग सायकलच भिंतीले टेकली — तरी लाल! आता मले सांगा, बसल्या माणसाले थकवा येते कसा? बबिता तिले अंडे चारे, दूध पाजे, पोरगी चिडे — "दादी, मी थकलीच नाही वं, बसून बसून पायाले मुंग्या आल्या!" — अन् सकाळी फोनात लाल पाह्यलं का पुन्हा भिंतीकडं तोंड. आता तं तिलेच वाटते का आपल्या आंगात काही रोग हाये. काल मले विचारते, "दादी, मी मरते का?" असं विचारावं का लेकरानं? अन् आज तुमी येता अन् म्हणता, शर्यतीच्या निवडीले अंजू नाही, भैरवी जाईल. भैरवीवर माह्या राग नाही, तेही कोणाचं लेकरूच हाये. पण माह्या पोरीचं काय चुकलं, तेवढं सांगा.

काय म्हणता? मशीन खोटं बोलत नाही? दाखवा बरं. मले वाचता येत नाही, पण रंग समजते. हा दिवस — हिरवा. हाही हिरवा. मंग लाल कुठं हाये? — रातचं? झोपेतलं? हॅट! रातची तं ती असी निजते का बाज उचलून नाल्यात ठेवली तरी पत्ता लागणार नाही. काय? नाडी पळते? झोपेतून उठते, पुन्हा पुन्हा उठते? अंजू नाही उठत सर, ते तं मी उठते — घसा कोरडा पडते, छातीत धडधड सुरू झाली का मले पडवत नाही, मंग जरा वट्यावर जाऊन बसलं का —

चहा घ्या. बबिता, चहा आण वं सराले! किती उशीर!

असे काय पाह्यता? मी काय म्हणलं? काहीच नाही म्हणलं. म्हातारी मानूस, जीभ घसरते.

हा माह्या मनगटावरचा वळ? बांगडीचा हाये. नाही... बांगडीचा नाही. बरं, आता आयकाच.

आमची जात लदेणीची. आमचे बुढे बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरत. मुक्काम पडला का पयले बैलाची गोण उतरे, मंग माणसाची चूल पेटे. लादलेला बैल कोणी निजवला तं नायक त्याले साऱ्या तांड्यासमोर उभा करे. रातभर पट्टा कातडीले लागला का पाठ सडते — हे माह्या धावजीनं, अंजूच्या आज्यानं, मले नव्या नवरीले सांगतलं. अन् इथं माह्यी पोरगी पट्ट्यासंगं निजते! मनगटावर लाल वळ उठला, अन् झोपेतही ते हिरवी बत्ती लुकलुक करून तिच्या कातडीत पाह्यते. मले नाही पाह्यवलं सर. पण काढून कोनाड्यात ठेवावं तं तुमच्या फोनात दिसणार, पोरीले बोलणं बसणार. मंग काय करावं? पोरगी घोरायले लागली का मी हळूच पट्टा सोडत होती अन् माह्या मनगटाले बांधत होती. कोंबड्याच्या आधी परत तिच्या हातात. मले वाटलं, नाडी ते नाडी, मशीनले काय समजते हात कोणाचा हाये! तिले नाही माईत. बबितालेही नाही. सेवालाल महाराजाची आण, पोरीनं लबाडी नाही केली. मले काय म्हणायचं ते म्हणा, तिले खोटी म्हणू नका.

अंजू, तू कायले उठून आली? दारात उभी राहून असं नको पाहू माह्याकडं. शिव्या दे पायजे तं. पण असं नको पाहू, माय.

अन् सर, तुमी फोनात काय मागं मागं सरकवता? — पयल्या दिवसातल्या राती हिरव्या हायेत? असतीनच ना बापा, तवा मी काढत नव्हती! तिच्या त्या राती. लाल साऱ्या माह्या.

आता हात कायले धरता माह्या? सोडा. काय मोजता? मधीच ठोका चुकते? ते तं धावजी गेला तवापासून चुकते, त्याचं काय एवढं. नाही, कोणाले नाही सांगतलं. घरात निवडीची घाई, म्हातारीच्या छातीचं कोणाले सांगू? बबिता, तू पदर कायले लावते डोयाले? काही नाही झालं.

कोणाले फोन लावून राह्यले? थांबा वं पोरींनो, आयकू द्या — "अंजूचं नाव ठेवा... हो, तेच... भैरवी राखीवच राहील..." आयकलं का बबिता? ठेवा म्हणे! अंजू, आयकलं का?

अन् माह्यं काय? उद्या पुसदले, डाक्टराकडं? बरं बापा, येते. तुमचं मशीन खोटं बोलत नाही म्हणता ना, मंग येते. आज रातीपासून पट्टा पोरीच्याच हातात, कबूल. मी बाजेपाशी बसून नुसती पाहीन, हात नाही लावणार.

हे काय, अंजू! चहा तं पेऊन जा! — गेली. सायकल घेऊन गेलीही. पाहा सर, पाहा, चढ लागला... राह्यली पायडलवर उभी! थकली म्हणे.

जा आता तुमी. तिच्या मागं जा. मले जरा बसू द्या.