पालीचं रक्त

—व्हय की, मीच त्यो रुद्रय्या पेंटर, आन् तुमी मघापास्नं बघताय ती भिंत बी माझीच. म्हंजे भिंत शाळेची, अक्षर माझं. तालुक्याच्या विज्ञान प्रश्नमंजूषेचं परीक्षक न्हवं तुमी? वळखलं मी. पावणं, गडमुडशिंगीत भर दुपारी एवढी कडक इस्त्री करून कोण येतंय—एक तर विमावाला, न्हाई तर परीक्षक. बसा की. त्या डब्यावर नगं, त्यो वला हाय, बुडाला निळा रंग लागंल आन् घरात मंडळी इचारत्याल कुटं बसला हुता म्हणून. ह्यो घ्या, ह्यो सुका हाय. मॅडम वर्गावर हाईत, घंटा व्हायला येळ हाय. तवर वाचा निवांत. सगळं गुर्जींनी कागदावर लिवून दिल्यालं हाय, एक बी वळ माझ्या पदरची न्हाई—आदीच सांगून ठेवतो.

काय वाचताय? 'माशी अन्नावर बसल्यावर आधी त्यावर ओकते.' शी! खरं हाय त्ये. ही वळ लिवताना मी शिडीवर आन् खाली माझा भाकरीचा डबा उघडा, त्यात दोन माशा मांडी घालून बसल्याल्या. त्या दिशी उपाशी ऱ्हायलो. फुडं बघा, मध—माशी फुलातला रस गिळती, पोटात खेळवती आन् पोळ्यात येऊन परत तोंडातनं काढती. आता आमच्यात सोमवारी पिंडीला मध, मग हातावर पंचामृत. तवापास्नं तळवा तोंडाकडं न्हेला की तसाच धरून बसतोय मी. मंडळी म्हणती, देवाचं हाय, गिळा गप. गिळतो की. पण मला ठावं हाय न्हवं काय गिळतोय! बेडूक घास गिळताना डोळं आत वढून डोळ्यानं घास खाली ढकलतोय. घरातल्या धुळीत आपलीच वाळल्याली कातडी असती—झाडू मारणारी बाई सासू बी गोळा करती आन् सून बी, एकाच सुपलीत. इज्ञान म्हंजे काय, पावणं? चांगल्या अक्षरात लिवल्याली घाण. आन् पोरं ह्याच भितीला टेकून खिचडी खात्यात, बोटं चाटत्यात, एकाला किळस न्हाई!

आन् ह्यो शब्द बघा, प्रकाशसंश्लेषण. ह्यो ज्यानं काढला त्याला एकदा माझ्या शिडीवर चढवा. खिडकी आन् दाराच्या मधी दोन हात जागा, तिथं ह्यो बसवायचा. 'प्रकाश' ऐसपैस बसला, 'संश्ले' अंग चोरून बसलं, आन् 'षण' बिचारं चौकटीला नाक लावून हुबं. मी सातवी नापास माणूस, मला इचारलं असतं तर 'पान ऊन खातंय' एवढ्यात भागिवलं असतं. हसू नगा, झाडाला कळलं असतं त्ये. आन् ते गोळं म्हंजे ग्रह. आदी नऊ हुतं, जुन्या गुर्जींच्या यादीत तसंच. मग संयोगिता मॅडम बदलून आल्या, म्हणाल्या, अहो रुद्रय्या, प्लुटो आता ग्रह राहिला नाही. म्हटलं, मेला का काय? पांढऱ्यात ब्रश बुडिवला, एका हातात ग्रह गायब. कुणी अर्ज केला न्हाई त्याच्यापायी.

हां. आता नजर कुटं थांबली त्ये मला हितनं दिसतंय. खालनं दुसरी वळ. 'पालीचे रक्त पांढरे असते.' त्याच्यासाठनंच आलाय तुमी. दानेश्वरी माझी नात, ल्योकाची पोरगी, सातवीत हाय. तुमी स्टेजवरनं इचारलं पालीच्या रक्ताचा रंग, हिनं घंटी दाबली, म्हणाली पांढरा. तुमी म्हणाला, चूक, लाल. शाहूपुरीतलं एक प्वार जिल्ह्याला गेलं आन् समदा हॉल हिला हसला. मी मागं खुर्चीत हुतो, पावणं. मी बी हसलो—सवय हो, दुसरं काय. दुसरी पोरगी असती तर रडून मोकळी झाली असती. हिनं अर्ज केला. तिला माझ्या भितीवर भरवसा, पुस्तकापरीस जास्त. पुस्तक दरसाल बदलतंय म्हणती, अज्जाची भिंत तीच हाय.

मग द्या की एक गुण! तुमचं काय जातंय? म्हणा, आदी पांढरंच हुतं, मागल्या साली लाल केलं. प्लुटोचं चालतंय, पालीचं का चालू न्हाई? ...बरं बरं, न्हाई चालत. चेष्टा केली. तुमच्या कपाळाला आठी पडल्याव लै ग्वाड दिसताय तुमी, सासरवाडीला असंच जात जावा.

यादी? यादी हाय की घरात. गुर्जींच्या हातची. चोवीस वळी हुत्या, त्यातली एक... आवो, चहा सांडल्याला तिच्यावर, निम्मी पुसल्याली. 'झुरळाचे रक्त पांढरे असते' ही वरची वळ धड हुती, बघा, हाय वर. खालची गेली. गुर्जी गेलते ट्रेनिंगला, चौकट तर आखून झाल्याली, रिकामी सोडली तर तोंडातला दात पडल्यागत दिसली असती. मग मी म्हटलं, झुरळाचं जर पांढरं, तर पालीनं काय घोडं मारलंय? झुरळं खाऊनच जगती की ती. आन् खरं सांगू? गंमत हुती हो. म्हटलं गुर्जी येत्याल, वाचत्याल, 'रुद्रय्या गाढवा' म्हणून वरडत्याल, चार पोरं हसत्याल, मी पुसून टाकीन. गुर्जी आले. वाचलं. मान डोलावली. म्हणाले, छान अक्षर आहे. संपलं! मॅडमनी वाचलं, पाटी लावून फोटो काढला. साहेब तपासणीला आले, त्येनी बी वाचलं, च्या घेतला, गेले. अकरा वर्सं झाली. मला शेवटी शेवटी ह्या समद्यांचा वीट याय लागला. कुणी तरी एकानं तरी 'हॅट' म्हणावं की न्हाई? ठावं हाय तुमास्नी, का म्हणाले न्हाईत त्ये? पालीला हात कोण लावणार! ती दिसली की माणूस झाडू मारतंय आन् तोंड फिरिवतंय. किळस येती न्हवं. जिथं किळस येती तिथं कुणी वाकून बघत न्हाई, पावणं. माझी वळ त्याच्यावरच टिकली.

मी? मी कुटनं बघणार. माझ्या बी अंगावर काटा येतोय.

...बघितलंय. आता तुमी एवढं टक लावून बघताय तर सांगतो. चार वर्सं झाली, दिवाळीच्या सुट्टीत पांढरा हात मारायला आल्तो. घडीची शिडी मिटवली, आन् बिजागरीत पाल हुती. चिरडली. उडालं त्ये नेमकं भितीवर, नव्या पांढऱ्यावर, ह्या वळीच्या हाताभर खाली. लाल. तुमच्या-माझ्यागत लाल, बोट कापल्यावर येतंय तसलं. शिडीवरची शेपटी वळवळत्या आन् मी हितं हुबा. एका बाजूला माझं अक्षर, 'पांढरे असते', आन् खाली त्ये. कुणी नव्हतं शाळंत. ब्रश हातात हुता, वला. डब्यात पांढरा हुता. मला दोन्हीतलं एकच पुसायचं हुतं.

रक्त पुसलं.

वळीवर दुसरा हात मारला वर, ठळक व्हावी म्हणून. बघा, बाकीच्या वळी इटल्याल्या हाईत, हीच एक कशी चमकत्या. घरी गेलो, हात सात बार धुतला. पालीची किळस न्हवती ती, तवाच कळलं मला. पण दानू तवा तिसरीत, तिनं ही समदी भिंत वहीत उतरवून घेतल्याली, पेन्सिलीनं पाल काढल्याली, तिच्या पोटात पांढरा खडू घासल्याला. वर्गात सांगायची, आमच्या अज्जानं लिवलंय. आता ह्या वयात पोरीम्होरं लबाड ठरायचं? म्हटलं जाऊ दे, पालीच्या रक्तानं कुणाचं काय अडतंय. अडलं बघा.

काय त्ये? तिचा अर्ज? चष्मा न्हाई माझा, तुमीच... न्हाई, आणा हिकडं, तिचं अक्षर मला येतं वाचाय. '...मा-न-नीय परीक्षक महोदय, शाळेची भिंत आपण स्वतः येऊन पाहावी. माझे आजोबा सातवी नापास आहेत, पण ते कधीही खोटे लिहीत नाहीत. प्रत्येक ओळ ते आधी गुरुजींना विचारतात. एकदा मी त्यांना...' —घ्या. घ्या हो परत. फुडचं मला नगं.

मीच सांगितलंतं तिला तसं. इचारून लिवतो म्हणून.

तिला शून्यच द्या. अर्धा बी नगा देऊ. तुमचं लाल बरोबर हाय, तिथं सही करा आन् घरी जावा. खाली आन् एक वळ लिवा वाटलं तर, की भिंत चुकीची, पोरगी न्हाई. लिवणार? लिवा. माझं नाव टाका, रुद्रय्या, पेंटर, धडधडीत टाका.

घंटा झाली. ती बघा, एका खांद्याला दप्तर, रिबीन सुटल्याली—तीच. तुमास्नी बघून पळत सुटलीया, तिला वाटतंय गुण मिळाला. न्हाई, तुमी तोंड उघडू नगा! तुमी सांगितलं तर ती तुमच्यासंगं भांडंल, माझ्या बाजूनं भांडंल, आन् त्ये मला ऐकवणार न्हाई. उठा. उठा म्हणतो न्हवं. गाडी मागल्या फाटकानं काढा, म्होरनं नगं.

—ये गं दानू. पळू नगं. न्हाई, त्येंचं काम झालं, त्ये चालल्यात. तू बस हितं. हात सोड माझा, बस आदी.