चक्करीचा रकाना

मी, वय ५१ वर्षे, विधवा, धंदा मोटार गॅरेज, शिक्षण चौथी, राहणार गॅरेजच्या माडीवर, आज कोणी न बोलावता ठाण्यात येऊन समक्ष सांगते की,

वरील ठिकाणी मी व माझे धाकटे दीर गॅरेज चालवतो. पान्या-हातोड्याचे काम दीर करतात. स्कॅनर लावून दोष वाचणे, वायरिंगचे नकाशे बघणे व प्रत्येक गाडीचे कार्ड भरणे माझ्याकडे आहे. हे मला कोणी शिकवलेले नाही. पतीची पुस्तके घरात होती, ती मी वाचली.

कार्डात शेवटचा रकाना 'चक्कर' असा आहे. तो पतीने छापून घेतला होता. दुरुस्ती झाली की दिवे, पंखा, वायपर सगळे एकदम चालू करायचे, पाण्याच्या टाकीकडच्या खडबडीत रस्त्यावर एक फेरी मारायची, मगच किल्ली परत द्यायची, असा त्यांचा नियम होता. दोन वर्षांपूर्वी अशाच चक्करीवर असताना छातीत कळ येऊन ते मयत झाले. गाडी कडेला नीट उभी केलेली मिळाली. सगळे दिवे चालू होते. त्याबाबत माझा जबाब याच ठाण्यात आहे.

तेव्हापासून मी दिरांना चक्करीला जाऊ दिलेले नाही. रकान्यात 'झाली' असे मीच लिहिते.

सोमवारी शाळेच्या बाईंच्या गाडीचा क्लच बदलून दिला. मंगळवारी सकाळी सव्वासातला बाई गाडी परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "अहो वहिनी, खड्ड्यात चाक गेलं आणि सगळे काटे शून्यावर. हॉर्न आपोआप वाजायला लागला. पुढचा सायकलवाला मला काय काय बोलून गेला, ते वर्गात सांगता यायचं नाही."

मी स्कॅनर लावला. अकरा दोष निघाले. ब्रेकचा, स्टिअरिंगचा, दिव्यांचा, इंजिनाचा. एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. दीर म्हणाले, "एका दमात अकरा दुखणी. माझ्या सासूबाईसुद्धा तीन-चारवर थांबतात." बाई हसल्या. मीही हसले. मग बाई आत बाकावर वह्या तपासत बसल्या.

असे दोष एकदम आले तर आधी बॅटरीची अर्थिंगची वायर बघावी, हे मला माहीत होते. पुस्तकात त्या ओळीखाली पतीची पेन्सिलची रेघ आहे. क्लच बदलताना ती वायर गिअरबॉक्सवरून सोडावी लागते. दिरांनी बॅटरीकडचे टोक हलवून पाहिले, ते घट्ट होते. गिअरबॉक्सकडचे टोक गाडी वर उचलल्याशिवाय दिसत नाही. त्याला अर्धा तास लागला असता आणि बाईंना आठला शाळा होती. ही सबब मी त्या वेळी स्वतःला दिली.

स्कॅनरमधून मी अकराही दोष पुसले. उभ्या गाडीत एकही परत आला नाही. दीर म्हणाले, "उभ्या गाडीत कळायचं नाही. किल्ली द्या, टाकीपर्यंत हादरवून आणतो."

मी म्हणाले, "नको."

"वहिनी, पाच मिनिटं लागतील."

किल्ली मी मुठीतून सोडली नाही. ते दुसऱ्या गाडीकडे गेले.

मी रकान्यात चक्कर झाली असे लिहून पुढे दिरांचे नाव घातले. किल्ली घेताना बाईंनी विचारले, "चालवून बघितलीत ना?" मी "हो" म्हणाले. दीर ऐकत होते.

आठला पाच कमी असताना शाळेजवळच्या उतारावर गाडी बंद पडली. मागून टेम्पोने धडक दिली. बाईंच्या मणक्याला मार आहे. पाय हलत नाहीत, असे दवाखान्यातल्या नर्सने मला सांगितले. बाईंना भेटायला आत सोडत होते. मी आत गेले नाही.

तपासणीत त्या वायरचा गिअरबॉक्सकडचा बोल्ट बोटांनी फिरत होता, असे मला इथे सांगण्यात आले. कार्डावरून दिरांना ताब्यात घेतले आहे. 'चक्कर मीच मारली, दोष दिसला नाही' असे त्यांनी लिहून दिले आहे. ते खोटे आहे. बोल्ट त्यांच्याकडून ढिला राहिला, तो मी सापडू दिला नाही.

आज सकाळी कोठडीच्या दाराशी दीर मला म्हणाले, "तुम्ही घरी जा. दादा असता तर त्यानं मलाच आत बसायला सांगितलं असतं." ते बरोबर नाही. त्यांचे दादा असते तर गाडी चक्करीला गेली असती.

जबाब लिहून झाल्यावर हवालदार तो वाचून दाखवत होते. मला वाचता येते, म्हणून मी तो हातात घेऊन दोनदा वाचला. 'चक्कर झाली असे लिहून' याच्या आधी त्यांनी 'नजरचुकीने' हा शब्द घातला होता. तो मी खोडायला लावला. खोडल्या जागी माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.