मागच्या सीटचा पाय

नाही, नाही, पायडल फिरवू नका. हात लावा, उचलून बघा, चाकं ठोकून बघा, बसायचं तर सीटवर बसा, पण पायडल तेवढं फिरवू नका. — काही झालेलं नाही त्याला, चांगलं फिरतं. नुसता आवाज होतो. — हो, सायकलचा आवाज तो केवढा असणार, खरंय, पण वरची जमीन लाकडी फळ्यांची आहे, इथली कुजबुजसुद्धा वर जाते. या, बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो. ती घ्या. मी उभाच बरा. एकदा बसलो की उठताना गुडघे फार कुरकुर करतात.

फोटो लेकीनं काढला. तिनंच विकायला टाकला फोनवर, मला त्यातलं काही कळत नाही. दोघांनी चालवायची सायकल, फोटोत लहान दिसते, प्रत्यक्षात अशी — ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आल्यापासून तुम्ही तिला चुकवत अंग चोरूनच चाललाय. म्हणून तर काढायचीय. संध्याकाळी पलंग येणार आहे, दवाखान्यात असतो तसला, डोक्याची बाजू वर करायचा, आणि त्याला जागा म्हणून हीच एक खोली. वर जिना अरुंद, न्हाणीघर खाली. घरात आजारपण आहे. — असो. वर बघा, त्या खुंट्या दिसतात ना? सगळ्यांवर सायकली होत्या. ब्रेकला लोखंडी दांड्या असायच्या तसल्या जुन्या, काही वळलेल्या हँडलच्या, एक तर पोस्टमनची होती, पुढे लोखंडी पिंजरा असलेली. भंगारवाला माझा मित्र, सांगाडा हाती लागला की आधी माझ्याकडे यायचा. गंज खरवडायचा, वाकलेला फोर्क सरळ करायचा, चाकाच्या तारा एकेक ओढून घ्यायच्या. कशासाठी? कशासाठी नाही. पोटासाठी नाही, एवढं नक्की. पोटासाठी मी लिफ्ट चालवली, जन्मभर. मोठी इमारत, स्टुलावर बसायचं आणि बटणं दाबायची. आयुष्यभर वर गेलो आणि खाली आलो, पुढे म्हणून कधी गेलोच नाही. म्हणून घरी आलो की हे. ही म्हणायची, बाकीच्यांचे नवरे पत्ते कुटतात, माझा लोखंड कुटतो, निदान हरत तरी नाही.

ही म्हणजे बायको माझी.

गेल्या सगळ्या. हळूहळू गेल्या, एकेक खुंटी रिकामी होत गेली, काही वाटलं नाही मला. खरंच नाही वाटलं. माणूस थकला की वाटायचंही थकतं. ही एक राहिली, तर ही तुम्ही घेऊन जा. — विकत घेतलेली नाही हो, बनवलीय. पुढचा अर्धा पुरुषी सायकलचा, मागचा बायकांच्या सायकलचा, मधला दांडा खाली वाकलेला बघा, म्हणजे पाय उंच टाकायला नको. मध्ये पितळेनं जोडलंय. बोट फिरवा जोडावरून, काही लागतं का हाताला? रंग तिनं निवडला. कावळ्याच्या पंखाचा हवा म्हणाली. मी म्हटलं, कावळा काळाच की. म्हणाली, तुम्ही उन्हात कधी बघितलायत का कावळा? मग एक दिवस मुद्दाम बघितला. निळा असतो.

तुम्ही भिंतीवर टांगणार, नाही का? लेक म्हणाली, कॉफीचं दुकान आहे तुमचं. टांगा, मला काय. ऊन पडेल अशा भिंतीवर नको तेवढी, रंग उडेल. आणि कोणी चालवायला मागितली तर देऊ नका, पडेल. हिला फ्री नाही. — फ्री म्हणजे, साध्या सायकलचे पाय थांबवले की मागचं चाक आपलं आपण टिकटिक करत फिरत राहतं ना, ते हिला नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. उतारावरसुद्धा फिरणार. थांबायचं तर पायानंच थोपवायचं. आणि ह्या पुढच्या मागच्या पायडलांमध्ये ही आणखी एक चेन, म्हणजे माझा पाय जिथे तिचा पाय तिथे. मागे वळून बघायला नको. पायात कळतं सगळं. तिला भीती वाटली की माझा पाय जड व्हायचा. गाणं गुणगुणत असली की पाय हलका. आणि रुसली असली — अहो, रुसली असली तर मांडी भरून यायची माझी! बोलायची नाही, नुसती पाय टाकून बसायची मागे, ओढ म्हणे आता. घरात रुसली तर मला जेवायच्या वेळेपर्यंत पत्ता लागायचा नाही, सायकलवर मात्र कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंतसुद्धा जावं लागत नसे.

ती भोकं? कुठली भोकं? — हां, ती. ते काही नाही. जुनं आहे.

तसं नाही, बरोबर आहे तुमचं, घेणारा माणूस विचारणारच. मागच्या डाव्या पायडलाच्या दांडीला तीन भोकं आहेत. पायडल शेवटच्यात बसवलंय, अगदी आत. उजव्या दांडीला एकच. चूक नाही ती. कसं सांगू — एका वर्षी तिचा डावा पाय मागून यायला लागला. तिला कळत नव्हतं, चालताना दिसतही नव्हतं, पण चेनमध्ये यायचा. उजवा वेळेवर, डावा जरा मागून, दमलेला माणूस जिन्यावर मागे राहतो तसा. मी म्हटलं, वय झालं. दवाखान्यात नेलं, तपासलं, गोळ्या दिल्या. पाय काही पुढे येईना. मग मी ती दांडी उतरवली आणि थोडं आत नवं भोक पाडलं, आटे पाडले — डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, ते पाडणं कटकटीचं — आणि पायडल आत घेतलं. म्हणजे त्या पायाला वर्तुळ लहान. कमी उचलायचं, कमी दाबायचं. उरलेलं मी पुढून ओढायचो. पुढे पाय आणखी मागे राहिला, मी आणखी आत घेतलं. सांगितलं नाही. कशाला सांगायचं? एकदा चढावर म्हणते, रस्ता सोपा झालाय का हो अलीकडे? मी म्हटलं, लोकांनी चालून चालून चढ घासलाय. हसली. असं हसली की सायकल डगमगली. तेव्हा मला कळलं, हिला ठाऊक आहे. तिनंही सांगितलं नाही.

मग झटका आला. डावी बाजू गेली आणि बोलणं गेलं. — नाही, नाही, आहे ती. वर आहे. खिडकीपाशी खुर्चीत बसवून आलोय, डोळा लागलाय तिचा. पाय हलवायला शिकवणारी बाई येते, फार मायेची आहे, ती म्हणते, हलेलही, न हलेलही, आपण करत राहायचं. करतो. मी आणि बेकरीवाला मिळून खुर्चीसकट खाली आणतो तिला अंघोळीला. तो रोज आपलं काम टाकून येतो बिचारा, हाताला पीठ तसंच. त्याचीही पाठ धरते हल्ली. म्हणून तो पलंग. म्हणून ही खोली. लेकीचं काही चुकत नाही, तिनं रडतच फोटो काढला.

सायकल देतोय हे हिला सांगितलेलं नाही. तिला कळतं हो सगळं, बोलता येत नाही एवढंच. मागे मी चेन पुसायला घेतली, पायडल थोडं फिरलं — त्या चेनमध्ये एक कडी आखडलेली आहे, दर फेऱ्याला टक् करते. तेल सोडलं की जाईल, पण तिनं जाऊ दिली नाही, म्हणायची, राहू दे, त्यावर पाय मोजते मी. तर तो आवाज झाला. वर गेलो, तर ही बुटांकडे बघत बसलेली. दाराजवळ असतात तिचे बूट. बुटांकडे बघायची, मग माझ्याकडे. निघायचं ना, असं. काय सांगणार? मी म्हटलं, पंक्चर आहे. पंक्चर काढतोय. तेव्हापासून पंक्चरच काढतोय मी.

तर असं आहे. न्या तुम्ही. दोघांनी धरली तर दारातून तिरकी निघेल, पुढचं चाक आधी — सांभाळून, तुमच्या पिशवीचा पट्टा — अहो, पायडलात अडकलाय, ओढू नका, ओढू न—

गेला आवाज वर.

बोलू नका जरा.

— ऐकलंत? नाही? वर. काहीतरी आपटलं. — काठी नाही, काठी कोपऱ्यात आहे, तिच्या हाताला लागत नाही. आणखी कोणी नाही घरात. फिरवा. अहो, पायडल फिरवा म्हणतोय! मघाशी नको म्हटलं ते मघाशी, आता फिरवा. मागचं चाक उचलून धरा, हाताने. सावकाश. त्या टक्ची वाट बघा.

टक्.

थांबा. — आला. बघा, लगेच नाही आला. उजवा असता तर टक्बरोबर आला असता, उजवा तिचा कधी चुकला नाही. हा डावा, मागून येतोय. जरा थांबून, फळीवर घसटत. पुन्हा फिरवा. — हा. हा तोच आहे. मी ओळखतो त्याला, इतकी वर्षं माझ्याच पायात होता तो. — असेल भास. तुम्हालाही झाला ना पण? मान हलवलीत तुम्ही. बस्स.

नाही. सायकल नाही मिळायची. — माहितीय मला, तुम्ही टेम्पो थांबवून आलाय, लेक चिडेल, पलंग येईल, सगळं माहितीय. पलंग इकडे लागेल, ह्या बाजूला, टेबल हललं की. टेबल न्या तुम्ही. हेच, माझं कामाचं. जड आहे, जुनं लाकूड आहे, तुमच्या दुकानात चांगलं दिसेल. खालचा खणही न्या, पाने, कानस, आटे पाडायचं, सगळं. आता कोणाचा सांगाडा सरळ करणार मी? ही आहे तेवढी पुरे. पलंगाला लागून उभी करतो, पायडल तिच्या पायाजवळ येईल अशी, म्हणजे खोलीत वळायला जागा नाही राहायची, पण मला कुठे जायचंय वळून.

पैसे? ठेवा हो खिशात. बेकरीवाल्याला हाक मारा, तो हात लावेल टेबलाला. मी नाही येत. दार उघडंच राहू दे.

जा आता. मला वर जायचंय. तिला बूट घालायचेत, त्याला वेळ लागतो.